बुलढाण्यातले किरण आणि त्यांचे उद्योग

बुलढाणा म्हटलं की बाहेरच्या माणसाला तीन गोष्टी आठवतात: शेगावचे गजानन महाराज, सिंदखेडराजाला झालेला जिजाऊंचा जन्म आणि लोणारचं विवर. चौथी गोष्ट मे महिन्यात एसटीतून उतरल्या उतरल्या आठवते, ती म्हणजे ऊन. या उन्हाचे, म्हणजे किरणांचे, जिल्ह्यात भलतेच उद्योग चालतात. कुठे ते सावली गायब करतात, कुठे देवाच्या कपाळी टेकतात, कुठे दगडाचं वय सांगतात, तर कुठे वाघाच्या मागावर राहतात. त्यातले काही निवडक उद्योग इथे मांडले आहेत.

सावली रजेवर

सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो ही शुद्ध अफवा आहे. वर्षातले फक्त दोन दिवस तो बरोब्बर माथ्यावर असतो, तेही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांच्या. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली, त्यामुळे हा योग आपल्या प्रत्येक गावाला मिळतो. दिल्लीकरांना तो जन्मात मिळत नाही, हे जाता जाता सांगायला बरं वाटतं.

मुंबईत हा दिवस १५ मेच्या सुमारास येतो. सिंदखेडराजा आणि लोणार २० मेच्या आसपास, बुलढाणा शहर २३ मेच्या, शेगाव त्याच्या एखाद दिवसानंतर आणि सातपुड्याच्या पायथ्याचं जळगाव जामोद २५-२६ मेला. म्हणजे दक्षिणेकडून शिरलेल्या सूर्याला जिल्हा ओलांडायला पाच-सहा दिवस लागतात. वाटेत प्रत्येक गावाला तो एकेक दुपार देतो.

घड्याळात बारा वाजताच अंगणात जाऊन उभं राहिलात तर मात्र फसाल. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, आणि बुलढाणा जिल्हा त्याच्या बराच पश्चिमेला, ७६ अंशांच्या पुढे-मागे. त्यामुळे मेमध्ये इथे खरी मध्यान्ह होते ती साधारण बारा वाजून वीस मिनिटांनी. तेव्हा स्टीलचा पेला उलटा ठेवा, विटीसारखी काठी उभी करा किंवा स्वतःच उभे राहा. सावली पायाखाली जाते आणि मिनिटा-दोन मिनिटांत पुन्हा बाहेर डोकावते. दुसरा योग जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं. शेतकरी त्या ढगांवर खूश असतो आणि शाळेतले विज्ञानाचे सर नाराज.

दैत्यसूदनाच्या कपाळी ऊन

लोणार गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर म्हणजे विष्णूने लवणासुराला मारल्याची कथा दगडात. बाहेरच्या भिंतींवर इतकं कोरीवकाम आहे की प्रदक्षिणा घालायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेतच थबकतो. आत गाभाऱ्यात काळोख. मे महिन्याच्या मध्यावर, दुपारच्या थोडं आधी, काही मिनिटं सूर्याचे किरण थेट मूर्तीवर येतात. लोक त्याला किरणोत्सव म्हणतात आणि मोबाईल सरसावून गर्दी करतात.

किरणोत्सव म्हटलं की आठवते कोल्हापूरची अंबाबाई. पण दोन्हींत मोठा फरक आहे. कोल्हापुरात मावळतीचे किरण महाद्वारातून आडवे आत येतात, सूर्य क्षितिजाला टेकायला आलेला असतो. लोणारला ते येतात तेव्हा सूर्य जवळपास डोक्यावर चढलेला असतो. एकाच नावाचे दोन सोहळे, भूमिती मात्र पार उलटी.

आता यातली गोम. सूर्य वर्षातून एकदा उत्तरेकडे जाताना आणि एकदा परतताना, असा एकाच उंचीवरून दोनदा जातो. म्हणून कोणताही किरणोत्सव वर्षातून दोनदा व्हायलाच हवा. कोल्हापुरात तसा होतोही: ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मग लोणारचा दुसरा कुठे गेला? कागदावर मांडून बघितलं तर तो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पडतो, आणि घड्याळात मेपेक्षा दहाएक मिनिटं उशिरा. तेव्हा विदर्भात पाऊस असतो, म्हणून त्याचा गाजावाजा नाही इतकंच. २४ ते २९ जुलैच्या दरम्यान लोणारला असाल आणि ऐन वेळी आभाळ फाकलं, तर गाभाऱ्यात नजर टाकून बघायला हरकत नाही. गर्दी तरी नसेल.

खड्ड्यात दिवस लहान

बुलढाण्यात २१ जूनचा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, २२ डिसेंबरचा १० तास ५० मिनिटांच्या आसपास. पण हा हिशेब सपाट जमिनीवरचा. लोणारचं विवर जवळपास १.८ किलोमीटर रुंद, आणि काठ पाण्यापासून सव्वाशे-दीडशे मीटर उंच. तळाच्या मध्यावर उभं राहिलं, म्हणजे अर्थात होडीत बसलं, तर चहूकडची कड आठ-नऊ अंश वर दिसते. सूर्याला तेवढं अंतर उतरायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागतो. म्हणजे वर गावात ऊन असताना खाली मावळलेलं, आणि सकाळीही तीच तऱ्हा. लोणारच्या तळ्याला रोज तासाभराचं ऊन कमी मिळतं.

आणि एक चिल्लर गंमत: विवराच्या या काठावरून निघालेला प्रकाशाचा किरण पलीकडच्या काठावर सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सहा भागांत पोचतो. पायी उतरून, कमळजादेवीचं दर्शन घेऊन, धापा टाकत पुन्हा वर येणाऱ्याला मात्र अर्धा दिवस पुरत नाही.

जो चमकला नाही, त्यानेच साक्ष दिली

लोणार म्हणजे उल्कापाताचं विवर, हे आज शेंबडं पोरही सांगतं. पण ही गोष्ट सिद्ध व्हायला दीडशे वर्षं लागली. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. आजूबाजूला सगळा दख्खनचा काळा कातळ, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मग हा ज्वालामुखीचाच खड्डा, असं म्हणायला लोक मोकळे. १८९६ मध्ये ग्रोव्ह गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातल्या विवराशी त्याचं साम्य दाखवलं. गंमत बघा, हे गृहस्थ ॲरिझोनाच्या विवराला उल्केचं मानत नव्हते! साम्य अचूक पकडलं आणि निकाल दोन्हीकडे उलटा गेला.

शेवटी निकाल लावला तो किरणांनी. दगडाची पापुद्र्याएवढी पातळ चकती घासून तयार करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. त्याला दोन गाळण्या असतात, एक खाली, एक वर, एकमेकींना आडव्या. खालची गाळणी प्रकाशाला एकाच दिशेने थरथरू देते, वरची नेमकी तीच दिशा अडवते. मधे काही नसेल तर सगळा अंधार. मधे स्फटिक ठेवला तर तो प्रकाशाला पिळतो, आणि काळ्या पडद्यावर राखाडी, पिवळे, निळे रंग उमटतात. लोणारच्या काळ्या कातळातलं फेल्डस्पार हे खनिज एरवी असंच चमकायला हवं, अंगावर पट्टे घेऊन.

लोणारच्या काही दगडांत ते चमकलंच नाही. आकार स्फटिकाचा, कडा शाबूत, आणि चकती कशीही फिरवा, आत काळोख. याचा अर्थ खनिज न वितळताच आतून काच झालं होतं. एवढा दाब ज्वालामुखी आणू शकत नाही. तो येतो सेकंदाला दहा-वीस किलोमीटरच्या वेगाने आदळणाऱ्या धोंड्यामुळे. या काचेचं नाव मास्केलिनाइट. १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात कर्ट फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी हे पुरावे मांडले आणि लोणार उल्कापाताच्या खात्यात कायमचं जमा झालं.

आणखी एक धागा. ही काच जगात पहिल्यांदा ओळखली गेली ती बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या दगडात. तो दगड मंगळावरून आलेला, हे पुढे शंभरेक वर्षांनी कळलं. म्हणजे मंगळावरच्या कातळावर जो घाव बसला, तसाच घाव लोणारच्या कातळावर बसला. मंगळ आणि चंद्राचा अभ्यास करणारे लोक लोणारला फेऱ्या मारतात ते उगीच नाही. काळ्या कातळात पडलेलं इतकं धडधाकट विवर पृथ्वीवर शोधून सापडत नाही.

दगड तापवा, वय विचारा

लोणारला दोन माणसांना विवराचं वय विचारा. एक ५२ हजार वर्षं सांगेल, दुसरा पावणेसहा लाख. भांडायला लागले तर दोघांनाही चहा पाजा, कारण दोघांनीही कुठेतरी खरंच वाचलेलं असतं.

पहिला आकडा आला तो उजेडातूनच. खडकात असलेले किरणोत्सारी कण आपला मारा चालू ठेवतात आणि खनिजांच्या स्फटिकांत थोडी थोडी ऊर्जा अडकत जाते. प्रयोगशाळेत तो दगड तापवला की अडकलेली ऊर्जा मंद उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. उजेड जितका जास्त, तितकी वर्षं जास्त. उल्का आदळली तेव्हाच्या उष्णतेने जुना साठा पुसला गेला, तिथून मोजणी नव्याने सुरू, असा हा हिशेब. १९९७ मध्ये त्यातून निघाले सुमारे ५२ हजार. पुढे आघातात वितळलेल्या खडकातला आरगॉन वायू मोजून दुसऱ्या गटाने काढले ५ लाख ७० हजार, त्यात ४७ हजारांचा मागे-पुढे फरक. दोन उत्तरांत दहापटीहून जास्त अंतर! सध्या पारडं दुसऱ्या आकड्याकडे झुकलेलं आहे. आपल्यालाही तोच पटतो. स्फटिकातला साठा पुढेही गळू शकतो, आणि मग दगड आपलं वय कमी सांगतो. दगडच तो, माणसांची सवय त्यालाही लागणार.

यातली अजून एक मौज म्हणजे हा मारा करणारे 'अल्फा किरण' आणि 'बीटा किरण' मुळात किरणच नाहीत. ते कण आहेत. ओळख पटायच्या आधी नाव पडलं आणि चिकटलं. तिसरे, गॅमा, तेवढे अस्सल प्रकाशाच्या घराण्यातले. क्ष-किरणांचं असंच. १८९५ मध्ये राँटगेनला हे काय आहे ते कळेना, म्हणून त्याने बीजगणितातला 'क्ष' देऊन टाकला. पुढे सगळं कळलं, नाव तेच. आमच्याकडे तर तेही नको, डॉक्टरने एक्स-रे सांगितला की म्हातारी म्हणते, 'छातीचा फोटू काढून आणला.'

कोजागिरीला वर बघा

चंद्राला स्वतःचे असे 'किरण' आहेत, आणि ते प्रकाशाचे नव्हेत. चंद्रावर मोठी उल्का आदळली की फेकली गेलेली पांढुरकी धूळ-दगड लांब पट्ट्यांत पसरतात. इंग्रजीत त्या पट्ट्यांनाही किरणांचंच नाव आहे. टायको नावाच्या ८५ किलोमीटर रुंद विवराचे पट्टे दीड हजार किलोमीटरपर्यंत गेलेले आहेत. कोजागिरीच्या रात्री साध्या दुर्बिणीतून चंद्राच्या दक्षिणेकडच्या भागात ते झकास दिसतात. दूध आटेपर्यंत वेळच वेळ असतो.

लोणारचाही मलबा असाच बाहेर फेकला गेला, काठापासून सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत. पण इथे पाऊस आहे, नांगर आहे, आणि अर्ध्या मलब्यावर गाव वसलंय. पट्टे टिकणार कसे?

तळ्याने रंग बदलला तेव्हा

जून २०२०. देश टाळेबंदीत घरी, आणि लोणारचं हिरवट पाणी एकाएकी गुलाबी. व्हॉट्सॲपवर शकुन-अपशकुनांची रेलचेल झाली, नासाच्या उपग्रहाने काढलेले आधीचे आणि नंतरचे फोटो फिरले. नागपूर खंडपीठासमोर प्रकरण होतंच. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले आणि जुलैमध्ये उत्तर आलं: हॅलोआर्किया. खारट पाण्यात सुखाने राहणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव. कडक उन्हाळ्याने पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं राज्य आलं. पुढे ते तळाशी बसले, पाणी निवळलं.

पण ते रंग बनवतात कशाला? उघड्यावर, उथळ खाऱ्या पाण्यात, मे महिन्याच्या बुलढाणी उन्हात राहायचं म्हणजे अतिनील किरणांचा मार अटळ. गुलाबी-लाल रंगद्रव्य त्यांना त्यापासून वाचवतं. गुलाबी लोणार म्हणजे कोट्यवधी जीवांनी एकाच वेळी उघडलेली छत्री. या कुळातले काही तर त्याहून चलाख: हिरवा प्रकाश गिळून त्यावर थेट ऊर्जा कमावतात, तीही झाडांसारखं हरितद्रव्य न वापरता. फ्लेमिंगोची गुलाबी पिसंही अन्नातून आलेल्या अशाच रंगद्रव्यांची कमाई. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, नाशिकच्या नांदूर मध्यमेश्वरनंतर राज्यातला दुसरा. आधी रंग, मग मान.

नऊ ते चार बंद

जुलैमध्ये सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात बुलढाण्यात नेहमीचं इंद्रधनुष्य दिसूच शकत नाही, मग पाऊस आणि ऊन कितीही एकत्र नांदोत. सूर्य ४२ अंशांहून वर गेला की इंद्रधनुष्याची कमान क्षितिजाखाली जाते. सरकारी कचेरीच्या बरोब्बर उलट वेळापत्रक.

रजतनगरीचा आरसा

खामगावला लोक रजतनगरी म्हणतात, इथली चांदी घेण्यासाठी लांबून लांबून गिऱ्हाईक येतं. डोळ्यांना दिसणारा प्रकाश परत फेकण्यात चांदीचा हात कुठलाही धातू धरत नाही, पडलेल्या उजेडातला पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास ती परतवते. सोनं पिवळं दिसतं ते निळा प्रकाश खाऊन टाकतं म्हणून. चांदी काही ठेवून घेत नाही. घरी आणल्यावर काळी पडते तो हवेतल्या गंधकाचा प्रताप, सराफाशी भांडू नये.

किरण हजर?

वर्गात 'किरण' पुकारलं की एक मुलगा आणि एक मुलगी एकदम 'हजर' म्हणायची. मराठीत मुलामुलींना सारखंच चालणाऱ्या नावांत हे अग्रभागी. बेंगळुरूच्या एचएएलने बनवलेल्या प्रशिक्षण विमानाचंही नाव किरण. ४ सप्टेंबर १९६४ रोजी ते पहिल्यांदा उडालं. १९९६ मध्ये त्यावरूनच हवाई दलाचं 'सूर्यकिरण' कसरत पथक उभं राहिलं, मराठवाड्याला खेटून असलेल्या बिदरमध्ये. नऊ विमानं पंखाला पंख लावून उडवायची, आणि त्याला नाव प्रकाशाचं.

दिनकर, प्रभाकर, दिवाकर, सुधाकर ही नावंही याच गोतावळ्यातली वाटतात. संस्कृतात 'कर' म्हणजे किरण, 'कर' म्हणजे हात, आणि 'कर' म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीही. प्रभाकर नावाचा वसुली अधिकारी दारात उभा राहिला तर नेमका कुठला अर्थ घ्यायचा, ते मार्च महिन्यात आपोआप कळतं.

भेंडवळची सकाळ

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. खड्डा, मातीचा घट, भोवती धान्यं, पापड, कुरडई, पान-सुपारी. रात्रभर कुणी तिकडे फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या वेळेला जाऊन कुठलं धान्य सरकलं, कुठलं जागेवर राहिलं ते बघतात, आणि त्यावरून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. शेकडो वर्षांची परंपरा. विज्ञानाच्या कसोटीला हे उतरत नाही, उंदीर-मुंग्यांनाही रात्री भूक लागते. तरी कोवळ्या उन्हात शेताच्या बांधावर उभे असलेले शेकडो शेतकरी आणि पुढे ओळीने बूम माईक घेतलेले चॅनेलवाले, हे दृश्य एकदा बघण्याजोगं.

वाघाच्या गळ्यातला किरण

रेडिओलहरी म्हणजे प्रकाशच, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसवली गेली. जूनमध्ये त्याने घर सोडलं. तेलंगणात शिरला, परत आला, रस्ते, नाले, कपाशीची शेतं तुडवत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल झाला. एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या वर! लोकांनी नाव ठेवलं वॉकर. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली गेली.

बॅटरी मारली की वाघाचे डोळे चमकतात, कारण त्याच्या डोळ्यांच्या मागे आरशासारखा पडदा असतो, अंधारात एकदा निसटलेला उजेड तो पुन्हा कामाला लावतो. पण वॉकरचा माग काढायला बॅटरीची गरज नव्हती. सुमारे २० हजार किलोमीटर वरून जाणाऱ्या उपग्रहांचे संदेश कॉलरमध्ये पोचायचे, सेकंदाच्या पंधराव्या भागात. कुठल्या उपग्रहाकडून किती वेळाने आला, यावरून वाघ कुठे आहे ते ठरायचं. त्यात घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तर प्रकाश तेवढ्यात तीनशे मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे नकाशावरचा वाघ अभयारण्यातून उचलून थेट कुणाच्या तरी तुरीत.